कुत्रा चावलेलं लेकरू आणि जिलेटिनची रक्ततपासणी

५ ऑगस्ट २०२४. पहिला श्रावणी सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास उदगीरजवळच्या एका खेड्यातून आठ वर्षांची मुलगी माझ्याकडे आली. सोबत आई, आजी आणि गाडी चालवणारा चुलता. गोठ्यामागे खेळताना पिसाळल्यासारख्या दिसणाऱ्या कुत्र्यानं तिच्या उजव्या पोटरीचा लचका तोडला होता. रक्त आलेलं, दातांच्या चार खुणा स्पष्ट. आजीनं त्यावर चुना आणि तिखट भरलं होतं. म्हणजे जखम तिसऱ्या श्रेणीची, रेबीजच्या हिशेबात सर्वात गंभीर. लस लागणार होती आणि जखमेत रेबीजविरोधी सीरमही, म्हणजे घोड्याच्या रक्तातून काढलेली तयार प्रतिपिंडं, लागणार होतं.

मी बालरोगतज्ज्ञ आहे. कुत्रा चावलेली लेकरं आमच्याकडे आठवड्याला येतात, हात सवयीनं चालतात. आधी नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुतली. चुना निघता निघेना. मग सगळ्यांना विचारते तेच विचारलं, "हिला कुठल्या औषधाची अॅलर्जी आहे का?" आई म्हणाली, "नाही मॅडम." आजीनंही मान हलवली. वजन २२ किलो. दंडात लस टोचली आणि सीरमसाठी चुलत्याला औषधाच्या दुकानात पाठवलं.

पुढच्या दहा मिनिटांत घडलं त्यावरच हे सगळं लिहिते आहे. कुटुंबाची परवानगी घेतली आहे. नाव आणि गाव मुद्दाम सांगत नाही.

आधी तिनं तळहात खाजवायला सुरुवात केली. मग कान. नर्सबाईंनी फ्रॉकची बाही वर केली तर दंडापासून मानेपर्यंत गांधी उठलेल्या. ओठ सुजायला लागले, खोकला आला. छातीला स्टेथोस्कोप लावला तर दोन्हीकडे शिट्टी वाजत होती. आजी म्हणाली, "पित्त उठलंय बघा बाई, आमसुलाचं पाणी लावा." मी अॅड्रिनॅलिनचा अँप्युल फोडला. किलोला ०.०१ मिलिग्रॅम या हिशेबानं ०.२२ मिलिग्रॅम, म्हणजे ०.२२ मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दिलं. पाय वर केले, ऑक्सिजन लावला, वाफ दिली, सलाइन जोडलं. सहाव्या-सातव्या मिनिटाला शिट्टी कमी झाली आणि अर्ध्या तासात तिनं पाणी मागितलं. अशी लक्षणं काही तासांनी पुन्हा उलटू शकतात, म्हणून रात्रभर तिला ठेवून घेतलं.

सीरम अजून टोचलंच नव्हतं, हे एका अर्थी नशीब. लस आणि घोड्याचं सीरम दोन्ही एकाच वेळी दिलं असतं, तर दोष कोणाचा हे शोधणं फार अवघड गेलं असतं. आता संशयित एकच उरला होता, लस. पण लस म्हणजे काही एकच पदार्थ नव्हे.

पत्रक

कुपीच्या खोक्यात घडी घालून ठेवलेलं पत्रक आपण सहसा फेकून देतो. त्या दिवशी ते मी टेबलावर पसरलं आणि चष्मा लावून ओळ न् ओळ वाचलं. ही लस कोंबडीच्या गर्भपेशींवर वाढवलेल्या विषाणूची होती. घटकांमध्ये अंड्याच्या प्रथिनाचा अंश, निओमायसिनसारख्या प्रतिजैविकांचा अंश आणि पॉलीजेलिन. जिलेटिन म्हणजे जनावरांची हाडं-कातडं शिजवून काढलेलं प्रथिन, आणि पॉलीजेलिन म्हणजे गुरांच्या जिलेटिनवर प्रक्रिया करून तयार केलेला पदार्थ. लस टिकावी म्हणून तो घालतात. या जातीच्या लशीत एका मात्रेमागे तो १२ मिलिग्रॅमपर्यंत असू शकतो. बाकीच्या अंशांपुढे हे प्रमाण डोंगराएवढं.

तरी माझा पहिला संशय अंड्यावर गेला. घर माळकरी. आजोबांच्या गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडंसुद्धा शिजत नाही. कधी न खाल्लेल्या गोष्टीवर अंग असं उठेल का, हा प्रश्न अंड्याला जितका लागू होता तितकाच जिलेटिनलाही. तिथंच मी अडकले. मग आजीजवळ बसले आणि प्रश्न बदलला. अॅलर्जी हा शब्दच काढला नाही. विचारलं, "आजी, हिला याआधी पित्त कधी उठलं होतं?"

"व्हय की. दिवाळीला उठलतं. हिच्या मामानं हैदराबादहून ते कापसासारखं मऊ मऊ आणलं होतं, गुलाबी-पांढरं. दोन खाल्ली अन् अर्ध्या तासात तोंड ह्ये असं फुगलं. रातभर लेकरू खाजवून रडलालतं."

कापसासारखं मऊ म्हणजे मार्शमेलो. ते जिलेटिनशिवाय सहसा होत नाही. आईला मग आणखी आठवलं. जानेवारीत तिला ड जीवनसत्त्वाची मऊ गोळी दिली होती, आठवड्यातून एकदा, सहा आठवड्यांसाठी. गिळता येत नाही म्हणून ती चावून खायची. दर रविवारी गोळीनंतर ओठ खाजायचे, दोनदा उलटी झाली. चौथ्या रविवारनंतर आईनं गोळी बंद केली. "गोळीनं पित्त होतंय म्हणून बंद केली मॅडम," ती म्हणाली. त्या मऊ गोळीचं पारदर्शक कवच जिलेटिनचं असतं. ती चिठ्ठी माझ्याच हातची होती. गोळी का सोडली हे मी पुढच्या भेटीत विचारलं नव्हतं.

आपल्याकडे अंगावर गांधी उठल्या की "पित्त" म्हणतात, आणि पोटात जळजळ झाली तरी "पित्त"च म्हणतात. आमसूल चोळायचं, थंड दूध प्यायचं, झालं. या एका शब्दामुळे लेकराच्या अॅलर्जीची वर्षभराची हकिगत माझ्या दवाखान्याच्या दारातच थांबली होती. आईनं काही लपवलं नव्हतं. मी विचारलं ते तिच्या भाषेत नव्हतं.

तिसरी आठवण सगळ्यात जुनी. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम सुरू झाली, तेव्हा ही अडीच-पावणेतीन वर्षांची होती. नऊ महिन्यांची आणि दीड वर्षाची गोवराची लस आधीच झालेली. अंगणवाडीत मोहिमेची लस घेतली त्या संध्याकाळी अंगावर थोड्या गांधी आल्या, सकाळी गेल्या. गोवर-रुबेलाच्या लशीतही स्थिरीकरणासाठी जिलेटिन वापरतात.

म्हणजे अंडं आणि मांस न शिवणाऱ्या या घरात जिलेटिन तोंडावाटे फार थोडं आलं होतं, पण सुईवाटे तीनदा आलं होतं.

जपानमधली गोष्ट

हे वाचून कुणाला वाटेल की मी लशींवर बोट ठेवते आहे. तसं अजिबात नाही. लशीनंतरची तीव्र अॅलर्जी दहा लाख मात्रांमागे साधारण एक इतकी दुर्मीळ आहे. गोवरानं दगावलेली लेकरं ज्यांनी वॉर्डात पाहिली आहेत त्यांना हा हिशेब पटवून द्यावा लागत नाही. पण दुर्मीळ म्हणजे अशक्य नव्हे, आणि ती एक मात्रा कुणाच्या तरी दंडात जातेच.

१९९३ मध्ये अमेरिकेत जॉन केल्सो आणि सहकाऱ्यांनी एका किशोरवयीन मुलीची हकिगत छापली. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीनंतर तिला तीव्र अॅलर्जी आली. तोवर सगळ्यांचं बोट अंड्याकडे जायचं. तपासात दोषी निघालं ते जिलेटिन, आणि जेलीसारखा गोड पदार्थ खाल्ल्यावर तिला असाच त्रास व्हायचा, हेही पुढे आलं. त्याच दशकात जपानमध्ये अशी कितीतरी लेकरं सापडली. तिथल्या संशोधकांनी त्यांच्या रक्तात जिलेटिनविरोधी आयजीई, म्हणजे अॅलर्जी घडवणारी प्रतिपिंडं, शोधली आणि ती सापडली. त्यांचा माग धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकल्याच्या लशीपर्यंत गेला: तान्ह्या वयात दिलेल्या त्या लशीतल्या जिलेटिननं शरीर आधीच सावध होऊन बसलं होतं, मग गोवराच्या लशीतलं जिलेटिन आलं की उसळायचं. तिथल्या उत्पादकांनी लशींतून जिलेटिन काढलं किंवा बदललं, आणि अशा प्रतिक्रिया झपाट्यानं कमी झाल्या. रक्ताची एक तपासणी नीट विचारून केली तर ती एका देशाच्या लशी बदलायला लावते, हे मला त्या गोष्टीत फार मोलाचं वाटतं.

कोणती तपासणी मागायची

त्या दुपारी मी रक्ताचे दोन नमुने ठरवले. पहिला ट्रिप्टेजसाठी. अॅलर्जीच्या झटक्यात मास्ट पेशी, म्हणजे अॅलर्जीची रसायनं साठवून ठेवणाऱ्या पेशी, फुटतात तेव्हा हे विकर रक्तात उतरतं. झटक्यानंतर एक ते दोन तासांत ते सर्वात जास्त असतं, म्हणून दीड तासानं रक्त घेतलं. तुलनेसाठी मूळ पातळी हवी, ती किमान २४ तासांनी घ्यायची; ती गुरुवारी घेणार होते. दुसरा नमुना विशिष्ट आयजीईसाठी, म्हणजे एका ठराविक पदार्थालाच ओळखणाऱ्या आयजीईसाठी.

इथं आमच्या तालुक्याच्या ठिकाणी काय होतं ते नीट सांगते, कारण जो कुणी ही तपासणी करायला जाईल त्याला हेच भेटणार आहे. नमुना गोळा करणारा मुलगा चांगला, मेहनती. फोनवर यादी उघडून म्हणाला, "मॅडम, अॅलर्जीचं मोठं पॅनेल टाकू का? दोनशे पदार्थ येतात त्यात." त्या यादीत वांगं होतं, बटाटा होता, धणे होते, गाजरगवत होतं. जिलेटिन नव्हतं. हजारो रुपयांचा अहवाल आला असता, त्यात वांग्यासमोर एखादं अधिक चिन्ह दिसलं असतं, आणि घरानं लेकराचं वांगं बंद केलं असतं. लेकराच्या जिवाशी ज्याचा संबंध होता तो पदार्थ त्या अहवालात नसताच.

मी म्हटलं, फक्त दोन हवेत, जिलेटिन आणि अंड्याचा पांढरा भाग. त्यानं खाद्यपदार्थांच्या यादीत शोधलं. अंडं मिळालं, "एफ १". जिलेटिन मिळेना. "नाही येत मॅडम हे आपल्याकडे." मी त्याच्या शेजारी बसले. इम्युनोकॅप या विशिष्ट आयजीई मोजण्याच्या पद्धतीच्या यादीत जिलेटिन खाद्यपदार्थांत नसतंच, ते औषधांच्या यादीत असतं. "सी ७४, जिलेटिन, गाईचं." औषधांचं पान उघडलं आणि ओळ सापडली. त्यानं ती आपल्या वहीत लिहून घेतली. तेव्हापासून तालुक्यातल्या दोन डॉक्टरांनी त्याच्याकडून ही तपासणी केली आहे, असं तो सांगतो.

तपासणी चालते ती अशी. स्पंजसारख्या एका बारीक टोपीवर जिलेटिन पक्कं चिकटवलेलं असतं. त्यावर रुग्णाच्या रक्तातला, पेशी काढून टाकलेला द्रव सोडतात. त्यात जिलेटिनला ओळखणाऱ्या आयजीई असतील तर त्या तिथं पकडून बसतात, बाकी सगळं धुऊन जातं. मग त्या आयजीईंना धरणारी दुसरी प्रतिपिंडं सोडतात, ज्यांच्यावर विकर बसवलेलं असतं. शेवटी विकर प्रकाश देणारा पदार्थ तयार करतं. जितका प्रकाश जास्त तितकी आयजीई जास्त. आकडा किलोयुनिट प्रति लिटरमध्ये येतो, ०.१ पासून १०० पर्यंत. होकारार्थी धरायची जुनी रेघ ०.३५ ची. उपाशी राहावं लागत नाही. सेटिरिझिनसारखी अॅलर्जीची गोळी चालू असली तरी फरक पडत नाही. त्वचेवरच्या टोचणी चाचणीला मात्र तशी औषधं आठवडाभर आधी थांबवावी लागतात. टोचणीत त्याच पदार्थाचा कण शरीरात जातो, म्हणून नुकताच झटका येऊन गेलेल्या लेकरावर ती लगेच करायची नसते. रक्ततपासणीत तो धोका नाही. आमच्यासारख्या ठिकाणी हीच तिची मोठी बाजू.

एक काळजी मात्र घ्यावी लागते. झटक्यात आयजीई खर्ची पडतात, म्हणून लगेच घेतलेल्या रक्तात आकडा खोटा कमी येऊ शकतो. तेव्हा आलेला अहवाल होकारार्थी असला तर धरायचा. नकारार्थी असला तर चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा बघायचा. आईला हे मी आधीच सांगून ठेवलं, म्हणजे "काही नाही निघालं" या एका वाक्यावर कुणी निर्धास्त होऊ नये.

नमुना संध्याकाळच्या गाडीनं बर्फात लातूरला गेला, तिथून मुंबईला. अहवाल शनिवारी येणार होता.

गुरुवार शनिवारच्या आधी येतो

रेबीजची दुसरी मात्रा तिसऱ्या दिवशी, म्हणजे गुरुवारी. या प्रकरणाचा गाभा हाच आहे. रक्ताचा अहवाल यायच्या दोन दिवस आधी निर्णय घ्यायचा होता, आणि रेबीजमध्ये थांबण्याला जागा नाही. लक्षणं एकदा सुरू झाली की रुग्ण जवळजवळ वाचतच नाही. म्हणून चावल्यानंतरच्या लशीला कुठलीही अॅलर्जी आड येत नाही. लस द्यायचीच असते, प्रश्न एवढाच की कोणती आणि कशी.

सोमवारी रात्री आजोबा दवाखान्यात आले होते. त्यांनी स्पष्ट विचारलं, "बाई, ती सुई आता पुन्हा द्यायची नाही ना? लेकरू गेलं असतं." मी म्हटलं, "आजोबा, सुई द्यायचीच. पण तीच सुई नाही." समजवायला वेळ लागला. जिलेटिन म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर विहिरीच्या सुरुंगाच्या कांड्या आल्या. आमच्या भागात काळ्या पाषाणात विहीर खोदताना त्याच वापरतात आणि त्यांना जिलेटिनच्या कांड्याच म्हणतात. ते एकदम गप्प झाले, लेकराच्या अंगात सुरुंगाचं काय गेलं म्हणून. मग मी सरसाचं उदाहरण दिलं. सुतार पूर्वी लाकूड जोडायला सरस उकळायचे, हाडं-कातडं शिजवून केलेला. जिलेटिन त्याच जातीचं, फक्त खूप शुद्ध केलेलं. सुरुंगाच्या कांडीत ते नसतं. आतला मसाला खळीसारखा घट्ट करतात म्हणून तिला ते नाव पडलं.

सरस म्हटल्यावर ते समजले, आणि दुसरंच दुःख वर आलं. "म्हणजे गुराचं हाड? हिच्या पोटात?" गळ्यातल्या माळेवर त्यांचा हात गेला. गोळीबद्दल त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम माझं होतं. खाण्याच्या पाकिटावर हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण बघून माणूस ठरवू शकतो. औषधाच्या पाकिटावर ती सोय नाही. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "औषध म्हणून गेलं, त्याचं पाप नाही. पण इथून पुढं सांगत जा." तेव्हापासून मी सांगते. मऊ गोळीऐवजी थेंब किंवा पुडी बहुतेक वेळा मिळते.

सीरमचा प्रश्न त्याच दिवशी सोडवला होता. घोड्याच्या सीरमनं स्वतःहून अॅलर्जी येऊ शकते. असा झटका नुकताच येऊन गेलेल्या लेकरात दुसरा गोंधळ नको, म्हणून माणसाच्या रक्तापासूनचं इम्युनोग्लोब्युलिन ठरवलं. किलोला २० युनिट, म्हणजे ४४०. चुलता लातूरला जाऊन १५० युनिटांच्या तीन कुप्या घेऊन संध्याकाळी परतला. महाग पडल्या; त्यासाठी घरानं काय विकलं की उसनं घेतलं, हे मी विचारलं नाही. ते सगळं पोटरीच्या चार जखमांभोवती भरलं. लेकरू तोंड घट्ट मिटून पडून राहिलं.

गुरुवारसाठी व्हेरो पेशींवर, म्हणजे माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशींवर, तयार केलेली लस मागवली. कुपी हातात आल्यावर पुन्हा पत्रक पसरलं: माल्टोज, मानवी अल्ब्युमिन. जिलेटिन नाही, पॉलीजेलिन नाही. एका जातीच्या लशीवर सुरू केलेला क्रम गरज पडली तर दुसऱ्या जातीवर पुरा करता येतो, आणि सोमवारची मात्रा अंगात गेलेली होती, ती मोजायचीच होती. सलाइनची सुई शिरेत तयार ठेवली, अॅड्रिनॅलिन भरून ट्रेमध्ये ठेवलं, आणि टोचली. एक तास मी तिच्याजवळून उठले नाही. आजी दर पाच मिनिटांनी तिचे तळहात उलटून बघत होती. काही उठलं नाही.

अहवाल

शनिवारी संध्याकाळी आला. जिलेटिन, गाईचं: ८.६. शून्य ते सहा या वर्गांपैकी तिसरा. अंड्याचा पांढरा भाग: ०.१ पेक्षा कमी. एकूण आयजीई: ६४०.

एकूण आयजीई जास्त असणं आमच्याकडे फार बोलत नाही. जंतांनीही ती वाढते, आणि ती खूप वाढलेली असली की एखाद्या विशिष्ट तपासणीत बारीकसा खोटा होकार दिसू शकतो. पण त्याच रक्तात अंडं शून्यावर आणि जिलेटिन ८.६, म्हणजे हा आकडा गोंगाटातून आलेला नव्हता. पुढच्या आठवड्यात ट्रिप्टेजची जोडी आली: झटक्यातली १४.८, गुरुवारची मूळ पातळी ४.२. मूळ पातळीला १.२ नं गुणून २ मिळवायचे, आणि खऱ्या झटक्यातली पातळी त्याच्या वर असते; इथं तो आकडा साधारण ७. झटक्यातली त्याच्या दुप्पट. मास्ट पेशी खरोखर फुटल्या होत्या. भीतीनं चक्कर आली असेल, ही शंका त्यानं मिटली.

तरी मी घरच्यांना आकड्याच्या मागे लागू दिलं नाही. ८.६ म्हणजे ३ पेक्षा धोकादायक आणि २० पेक्षा सौम्य, असं नसतं. पुढचा झटका किती मोठा येईल हे आकडा सांगत नाही. रक्तात आयजीई सापडणं म्हणजे शरीरानं ओळख धरली आहे, इतकंच. कितीतरी लोकांच्या रक्तात अशी ओळख असते आणि त्यांना काही होत नाही. मार्शमेलो, रविवारची गोळी, सोमवारची लस, या तीन घटनांसोबत ठेवल्यावर त्या आकड्याला अर्थ आला. हकिगत नसती तर मी त्यावर विसंबले नसते.

उलट बाजूही आहे. ही तपासणी गाईच्या जिलेटिनवर चालते. डुकराच्या जिलेटिनशी ते इतकं मिळतंजुळतं असतं की बहुतेक वेळा एकानं दुसरंही पकडलं जातं. पण कारखान्यात जिलेटिनवर प्रक्रिया करून त्याचं रूप बदललेलं असलं, जसं शस्त्रक्रियेत वापरायच्या काही सलाइनांत असतं, तर रुग्णाच्या आयजीई त्या बदललेल्या भागालाच ओळखणाऱ्या असू शकतात, आणि तपासणी नकारार्थी येते. तेव्हा झटका खरा आणि अहवाल नकारार्थी असं कुठं दिसलं तर झटक्यावर विश्वास ठेवावा.

लातूरच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांशी फोनवर बोलले तेव्हा त्यांनी विचारलं, "गोचीड?" प्रश्न रास्त होता. काही जातींच्या गोचिडांच्या चाव्यानंतर माणसाच्या शरीरात अल्फा-गॅल नावाच्या साखरेविरुद्ध आयजीई तयार होतात. ती साखर गुराढोरांच्या मांसात असते आणि जिलेटिनमध्येही. या घरी देवणी बैलांची जोडी आहे, आणि ही मुलगी बैलांच्या कानातले गोचीड काढत बसते. पण त्या विकारात खाल्ल्यानंतरचा त्रास तीन ते सहा तासांनी येतो, संध्याकाळी खाल्लं तर मध्यरात्री. हिला मार्शमेलोनंतर अर्ध्या तासात उठलं होतं. म्हणून ती वाट मी सोडली. मांसाहारी घरातलं कुणी "रात्री दोनला पित्त उठतं" म्हणून आलं तर मात्र हा प्रश्न मी पहिला विचारीन.

घरी गेल्यावर

आजीनं दूध बंद केलं होतं. गाईचं म्हटल्यावर तिला ते साहजिक वाटलं. अहवाल आल्यावर पहिलं काम ते सुरू करायचं केलं. दुधाची प्रथिनं वेगळी. ही जन्मापासून दूध पिते, कधी काही झालं नाही. तूप, दही, पनीर, सगळं चालतं. चायना ग्रासची जेली चालते, ती समुद्री शेवाळाची. पेक्टिन आणि स्टार्चवरच्या गोळ्या चालतात. मार्शमेलो, जिलेटिनच्या जेली गोळ्या, काही विकतचे केक आणि मूस नाही. पाकिटावर तपकिरी त्रिकोण दिसला की नाही, आणि हिरवा ठिपका असला तरी घटक वाचायचे.

अॅड्रिनॅलिनचं पेन, म्हणजे घरी टोचता येणारी तयार भरलेली सुई, आमच्याकडे सहजी मिळत नाही. म्हणून वडिलांना अँप्युल फोडायला आणि १ मिलीच्या सिरिंजमध्ये ०.२ च्या रेघेपर्यंत भरायला शिकवलं. आधी पाण्यावर, चार वेळा. पहिल्या वेळी काच हाताला लागली. चौथ्या वेळी हात स्थिर होता. डबा देवघराच्या फळीवर ठेवतात, ऊन लागत नाही आणि सगळ्यांना जागा माहीत असते.

आणि एक कार्ड. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला डॉक्टरांसाठी इंग्रजी, प्लास्टिकमध्ये बंद केलेलं. मराठी बाजू अशी:

"या मुलीला जिलेटिनची तीव्र अॅलर्जी आहे. हिला कॅप्सूल किंवा मऊ गोळी देऊ नका. पॉलीजेलिन किंवा जिलेटिनचं सलाइन लावू नका, साधं सलाइन लावा. दात काढल्यावर किंवा ऑपरेशनमध्ये जिलेटिनचा स्पंज भरू नका. जिलेटिन असलेली लस देण्याआधी बालरोगतज्ज्ञांना विचारा. कुत्रा चावला तर लस टाळू नका, व्हेरो पेशींवरची लस द्या. अंगावर गांधी, श्वास लागणं, ओठ सुजणं असं झालं तर मांडीत अॅड्रिनॅलिन."

कुत्र्याची ओळ घालायलाच हवी होती. गावाजवळच्या सरकारी दवाखान्यात कधी या जातीची लस असते, कधी त्या. कार्ड नुसतं "अॅलर्जी आहे" म्हणालं असतं, तर पुढच्या वेळी कुणीतरी घाबरून लसच दिली नसती. आईला एकच प्रश्न पाठ करवला: "ही लस कोंबडीच्या पेशींवरची की व्हेरोवरची?" आशाताईंनाही तो लिहून दिला. दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची धनुर्वात-घटसर्पाची लस हिला नेहमीसारखी घेता येईल, तीत जिलेटिन नसतं. हे वेगळं सांगितलं, नाहीतर त्याही लशी चुकल्या असत्या.

शेवटची मात्रा अठ्ठाविसाव्या दिवशी, २ सप्टेंबरला. त्या दिवशी पोळा होता. बैलांना रंग द्यायचा म्हणून तिला लवकर घरी जायचं होतं, आणि तासभर बसवल्यावर ती रुसली. दोन्ही हात गेरूनं माखलेले होते, त्यामुळे तळहात लाल झालेत का हे बघायला आधी ते धुवावे लागले.

माझ्या ओपीडीच्या कागदावर आता "अॅलर्जी" या रकान्याखाली आणखी एक ओळ छापलेली आहे: "पित्त उठतं का? कशानं? किती वेळानं?" नर्सबाई ती मोठ्यानं वाचतात. गेल्या काही महिन्यांत या ओळीनं एका मुलाची शेंगदाण्याची आणि एका मुलीची वेदनाशामक गोळीची अॅलर्जी उघड केली. दोघांच्याही आयांनी वरच्या ओळीला "नाही" म्हटलं होतं.

डिसेंबरात तिची दुधाची दाढ किडली, ती काढावी लागली. आईनं दंतवैद्याच्या खुर्चीपाशी कार्ड पुढं केलं आणि मला फोन लावून त्यांच्या हातात दिला. त्यांनी विचारलं, "खड्ड्यात स्पंज भरू नको ना?" मी म्हटलं, "नको." त्यांनी कापसाचा बोळा दाताखाली दाबून धरायला सांगितला. दहा मिनिटांत रक्त थांबलं, असं आईनं संध्याकाळी कळवलं.